काम करून राहिली होती

इंदूबाई गजभिये चुकली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. चांगल्या माणसाची चूक आपल्याकडं लोक शेवटी सांगतात, तीही हळूच, पदराआड. इंदूबाईनं स्वतः तसं केलं नाही, मग आपण काहून करायचं?

बाई अठ्ठावन्न वर्षांची. राहायला नागपूरजवळच्या कामठीत. तीस वर्षं पॉवरलूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरल्या. शिक्षण सातवी. गेली अकरा वर्षं तिचं काम एकच आहे. ज्या बाईवर, पोरीवर कोणी बलात्कार केला, तिच्यासोबत जायचं. ठाण्यात, दवाखान्यात, कोर्टात. जायचं अन् बाजूला बसायचं. पाटी नाही, लेटरहेड नाही, फोटो नाही. नागपुरात जरीपटक्याजवळच्या एका बुद्धविहारात रविवारी दुपारी पंचवीस-तीस बाया जमतात, त्यातल्या सहा-सात अशा सोबत जाणाऱ्या. इंदूबाई त्यांच्यातली सगळ्यात जुनी.

बाजूला बसायचं, एवढंच? करून पाहा एकदा. दवाखान्यात सहा-सहा तास बाकड्यावर बसून पाहा. एक वॉर्डबॉय दुसऱ्याला डोळ्यानं खुणावतो, हीच काय ती. त्या डोळ्यांचं काय करायचं, हे कोणत्या पुस्तकात लिहिलेलं नाही. इंदूबाई उठून सरळ त्याच्यापुढं उभी राहते.

"काय पाहून राहिला गा? तिले नाई, मले पाह्य. चांगली पाह्य. झालं पाहून? आता स्ट्रेचर आण."

अन् तो आणतो.

रविवारच्या बैठकीत एखादी नवीन बाई सवयीनं म्हणून जाते, "बिचारीची इज्जत गेली वं."

"कोठी गेली?" इंदूबाई विचारते. "शेअर ऑटोनं गेली का बसनं? नंबर सांग, मी वापस आणतो."

बाया खो खो हसतात. ती नवीन बाईही हसते, अन् पुढच्या रविवारी तो शब्द तिच्या तोंडून निघत नाही. मोठमोठी भाषणं ऐकून जे होत नाही ते या एका टोमण्यानं होतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

तर अशी बाई. आता चूक.

अंजू हे तिचं खरं नाव नाही. नाव झाकलं ते तिला लाज आहे म्हणून नाही. कायदा सांगतो म्हणून झाकलं, अन् तिच्या गल्लीतल्या लोकांना लाज नाही म्हणून. पोरगी तेवीस वर्षांची, बारावी पास, बाप नाही, मायसोबत कामठीत राहणारी. नागपूरच्या मिहान या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत पॅकिंगला होती, ठेकेदाराकडून. ठेकेदाराचा सुपरवायझर विक्रम. गेटवर पास दाखवल्याशिवाय कोणाला आत सोडत नाहीत, अन् पास नवा करून द्यायचं काम याच विक्रमच्या हातात. एका शनिवारी त्यानं सांगितलं, तुझा पास रूमवर विसरला, शिफ्ट सुटली की घेऊन जा. रूम खापरीकडं. ही चार वाजता गेली. दारात उभी राहिली. म्हणाली, इथंच द्या सर. त्यानं हात धरून आत ओढलं अन् दार लावलं.

पुढचं इथं लिहिणार नाही. ते तिला मायला सांगावं लागलं, इंदूबाईला सांगावं लागलं, ठाण्यात सांगावं लागलं, डॉक्टरीणबाईला सांगावं लागलं. तुम्हाला पाचव्यांदा सांगायचं कारण नाही.

ठाण्यात जबाब लिहून घ्यायला माया नावाच्या हवालदारबाई होत्या. कराडकडच्या. नागपूरला बदली होऊन आठ महिने झालेल्या. बाई चांगली, हे स्पष्ट सांगतो. खोलीतली पुरुषमाणसं बाहेर काढली, पाणी दिलं, पंखा अंजूकडं वळवला, घाई केली नाही. अंजू सांगत गेली, मायाबाई लिहीत गेल्या.

अंजू म्हणाली, "मी तीन महिन्यापासून विक्रमकडं काम करून राहिली होती."

मायाबाईंच्या कानाला ही भाषा मोडकी लागली. चांगल्या मनानं त्यांनी ती नीट करून लिहिली. शिकलेल्या माणसाला दुसऱ्याचं बोलणं दुरुस्त करायची फार खाज असते. जबाब लिहून झाल्यावर इंदूबाई आपल्या नियमाप्रमाणं म्हणाली, "आता पूर्ण वाचून दाखवा, मॅडम. सही मंग."

मायाबाईंनी वाचला. इंदूबाई डोळे मिटून ऐकत होती. तिनं चार ठिकाणी थांबवलं. एका जागी 'माझ्या संमतीशिवाय' असं लिहिलं होतं. इंदूबाई म्हणाली, "हे तिचं बोलणं नाई. ती म्हणाली, मी नाई म्हणत होती अन् रडत होती. तेच लिहा." मायाबाईंनी निमूट बदललं. असे चार बदल झाले.

मग हे वाक्य आलं: "मी मागील तीन महिन्यांपासून विक्रम याच्याकडे काम करून राहत होते."

इंदूबाईनं मान हलवली. तिच्या कानाला त्यात काहीच खटकलं नाही. अंजूच्याही नाही. बाजूला बसलेल्या अंजूच्या मायच्याही नाही.

"बरोबर हाय," इंदूबाई म्हणाली. "कर सही."

अंजूनं सही केली.

सात महिन्यांनी केस कोर्टात उभी राहिली. सरकारी वकील गार्गी मॅडम, वय पस्तीस, नाशिकच्या. कडक बाई. पहिल्या भेटीत त्यांनी अंजू अन् इंदूबाईला समोर बसवलं, दोषारोपपत्राचे कागद उलटले अन् चष्मा काढला.

"अंजू, तू त्याच्याकडं राहत होतीस, हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"मी? नाई मॅडम. मी मायच्या घरी राहतो."

"इथं लिहिलंय. तीन महिने राहत होतीस."

इंदूबाई मध्ये पडली. "नाई वं मॅडम, राहत कोठी होती? काम करून राहिली होती."

"हो ना. काम करून राहिली होती."

"मंग तेच त सांगून राहिली मी!"

"काय सांगून राहिलात? कुठं राहिलात?"

"मी कोठी राहीन? मी सांगून राहिली!"

गार्गी मॅडमनी कपाळाला हात लावला. बाहेरून चहावाला आला होता, त्यानं तिघींच्या तोंडाकडं पाहिलं अन् ग्लास तसेच टेबलावर ठेवून गेला.

मग मॅडमनी ते वाक्य हळूहळू, एकेक शब्द तोडून वाचलं. विक्रम याच्याकडे. काम करून. राहत होते. "इंदूबाई, नाशिकला, पुण्याला, कोल्हापूरला याचा अर्थ एकच होतो. ही बाई त्याच्या घरी कामही करत होती अन् राहतही होती. आपल्या न्यायाधीश मॅडम कोल्हापूरच्या आहेत."

इंदूबाईचा चेहरा उतरला तो मॅडमनीही पाहिला, अंजूनंही.

नागपूरकडचं माणूस जेवत असलं तर जेवून राहिलं म्हणतं, झोपलं असलं तर झोपून राहिलं म्हणतं. पाऊस येऊन राहते, लाइट जाऊन राहते, पोट्टं रडून राहते. यातलं कोणीच कोणाच्या घरी राहत नाही. पण हे समजायला नागपूरचा कान लागतो. अन् नागपूरच्याच कानानं इंदूबाईचा घात केला. मायाबाईंनी शुद्ध करून लिहिलेलं ते वाक्य तिच्या कानात जाऊन परत आपल्या बोलीचं झालं होतं. म्हणून तिनं मान हलवली. वाक्य चुकलं आहे हे या गावातल्या कोणालाच ऐकू आलं नसतं.

"आता हे लिहिलेलं बदलाचं," इंदूबाई म्हणाली. "मी माया मॅडमले घेऊन येतो."

"दोषारोपपत्र गेलंय. आता बदललं तर ते म्हणतील, वकिलानं शिकवलं." गार्गी मॅडमनी कागद खाली ठेवले. "समोर भैय्याजी वकील आहेत. त्यांचा बचावच हा असणार. तीन महिने एकत्र राहिले, भांडण झालं, म्हणून खोटी केस. आणि त्यांच्या हातात आपल्याच पोरीची सही असलेला कागद आहे."

"शेजारचे सांगतील ना, मी घरी राहत होती म्हणून," अंजू म्हणाली.

शेजारचे! समोरच्या घरच्या काकूनं सांगितलं, आमच्या पोराचं लग्न जमून राहिलं, आम्हाला यात घेऊ नका. वरच्या मजल्यावरचे म्हणाले, आम्ही काही रोज पाहत नव्हतो. तेवीस वर्षं ज्या पोरीला येता-जाता पाहिलं, जिच्या हातचा दिवाळीचा चिवडा खाल्ला, ती रात्री घरी झोपत होती एवढं सांगायला गल्लीत एक तोंड निघालं नाही. फक्त माय. अन् माय तर मायच, असं कोर्टात म्हणतात.

त्या दिवशी कोर्टाच्या आवारातच इंदूबाई अंजूला म्हणाली, "हे माह्यामुळं झालं. माया मॅडमनं लिहिलं, पण वाचाले मी बसली होती. तू सही करून राहिली होती त माह्या भरोशावर."

अंजूनं ऑटो थांबवला. ऑटोत बसली अन् निघून गेली. नंतर आठ-नऊ दिवस तिनं इंदूबाईचा फोन उचलला नाही.

इंदूबाईनं काय केलं? रविवारी विहारात गेली. तीस बाया होत्या. उभी राहिली अन् अंजूचं नाव न घेता सगळं सांगितलं. वाक्य काय होतं, लिहिलं काय गेलं, मान कोणी हलवली.

कांताबाई नावाची तिची जुनी सोबतीण भडकली. "पागल झाली काय वं? असं चारचौघीत सांगशील त आपल्याकडं येईन कोण?"

"जी येईन तिले माहीत असू दे, का इंदूबाई चुकते."

"अन् मंग?"

"मंग ती सोता वाचीन. माह्या मानेवर भरोसा नाई ठेवणार."

त्या दिवसापासून त्यांच्यात एक पद्धत सुरू झाली, आजही आहे. जबाब दोघींनी ऐकायचा. एक आपल्याकडची, एक बाहेरगावची. बाहेरगावची कोठून आणायची? तर इंदूबाई ठाण्यात जाऊन मायाबाईंपुढं उभी राहिली. मायाबाईंना सगळं कळलं तेव्हा त्या खुर्चीत बसूनच रडल्या. "मावशी, आमच्याकडं राहणं म्हणजे राहणंच हो. मला काय माहीत?"

"मले तरी कुठं माहीत होतं? मी त सगळ्या जगाले नागपूर समजून राहिली होती. रडू नको. आमाले तुह्यासारखे बाहेरगावचे कान पायजे. दर रविवारी दोन घंटे देशील काय?"

बदली होऊन आलेल्या, लग्न होऊन आलेल्या, साताऱ्याच्या, नांदेडच्या, रत्नागिरीच्या अशा पाच बाया मायाबाईंनी जमवल्या. मोठमोठ्या इमारतींत परिषदा भरवणाऱ्यांना जे कधी सुचलं नाही, ते एका कांड्या भरणाऱ्या बाईला सुचलं. तेही स्वतःच्या चुकीचं जाहीर प्रदर्शन मांडून.

दहाव्या दिवशी अंजू स्वतः इंदूबाईच्या घरी आली. दारातच उभी राहिली.

"मावशी, मी लय चिडली होती तुह्यावर."

"चिडाचंच होतं."

"अजूनही थोडी हाय."

"असू दे. आत ये. मी गार्गी मॅडमले म्हटलं, मी साक्ष देतो. कोर्टात सांगतो का मीच सही कराले लावली."

"अन् साक्षीदार झाली त तुले माह्याजवळ बसू देतील?"

गार्गी मॅडमनी तेच सांगितलं होतं. साक्षीदार झालात तर आत बसता येणार नाही.

"तू बाजूले बस," अंजू म्हणाली. "बोलन मी."

तारखा पडत गेल्या. कधी वकील आजारी, कधी कागद आले नाहीत, कधी नुसतीच पुढची तारीख. अंजूनं तोवर मिहानमध्येच दुसऱ्या कंपनीत काम धरलं होतं. प्रत्येक तारखेला रजा टाकायची अन् परत यायचं. शेवटी मार्च महिन्यात एका मंगळवारी दुपारी तिची साक्ष निघाली.

अशा केसमध्ये दार बंद करून काम चालवतात. आत न्यायाधीश मॅडम, टाइप करणारे स्टेनो, दोन वकील, एक शिपाई, पडद्यामागं विक्रम. इंदूबाईला परवानगी मिळाली ती एका अटीवर. अंजूजवळ बसायचं, तोंडातून अक्षर काढायचं नाही.

गार्गी मॅडमच्या प्रश्नांना अंजूनं सरळ उत्तरं दिली. रडली एकदाच. मग भैय्याजी उठले.

भैय्याजी वकील म्हणजे साठीतलं, पांढऱ्या मिशांचं, गोड बोलणारं माणूस. जन्म महाल या जुन्या वस्तीत, शाळा तिथलीच, सगळं आयुष्य नागपुरात. कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये त्यांना ऐका, "अबे, किती टाइम लावून राहिला चहाले!" म्हणून ओरडतात. 'काम करून राहिली'चा अर्थ त्यांना कळत नव्हता असं कोणी म्हणत असेल तर त्यानं माझ्यासमोर म्हणावं. त्यांना पक्कं कळत होतं. पण कोर्टात त्या दिवशी ते पुस्तकातली मराठी बोलत होते, अगदी धुऊन इस्त्री केलेली.

"तुमचं शिक्षण किती?"

"बारावी."

"म्हणजे मराठी लिहिता-वाचता येते."

"येते."

"हा जबाब तुम्हाला वाचून दाखवला होता?"

"हो."

"ही सही?"

"माही हाय."

भैय्याजींनी कागद वर धरला अन् ते वाक्य वाचलं. सावकाश. 'राहत होते' वर थांबून न्यायाधीशांकडं पाहिलं. "हे तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं?"

"मी तसं नाई म्हटलं. मी म्हटलं, काम करून राहिली होती."

"म्हणजे राहत होता."

"नाई. काम करून राहिली होती."

"मॅडम, कृपया नोंद घ्यावी. साक्षीदार कबूल करते की ती राहिली होती."

गार्गी मॅडम उठल्या. "अर्थ फिरवला जातोय."

"साक्षीदाराला पूर्ण उत्तर देऊ द्या," न्यायाधीश म्हणाल्या. पण त्यांच्या कपाळावर आठी होती. त्यांनाही तो शब्द समजत नव्हता, हे दिसत होतं.

इंदूबाईनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. एक वाक्य बोलली असती तर सगळं स्पष्ट झालं असतं. अन् एक वाक्य बोलली असती तर बाहेर काढली असती, अंजू तिथं एकटी उरली असती. बाई गप्प बसली. अकरा वर्षांत यापेक्षा कठीण काम तिनं केलं नसेल.

भैय्याजींनी तोच प्रश्न फिरवून विचारला. मग पुन्हा. कपडे कुठं ठेवायचात. जेवण कोण बनवायचं. किल्ली कोणाकडं होती. अंजू दर वेळी तेच सांगत होती, मी राहत नव्हती, काम करून राहिली होती. अर्धा तास झाला. भैय्याजींना वाटलं होतं पोरगी पाच मिनिटांत रडेल, गोंधळेल, हो म्हणून मोकळी होईल. पोरगी हलेना. अन् मग त्यांचाच तोल गेला. इस्त्री निघून गेली.

"अवं, मी तुले काय विचारून राहिलो अन् तू काय सांगून राहिली!"

स्टेनोची बोटं थांबली.

अंजूनं आधी इंदूबाईकडं पाहिलं, मग भैय्याजींकडं.

"वकीलसाहेब, आता तुमी काय म्हटलं?"

"प्रश्न मी विचारतो. तुम्ही उत्तर द्या."

"तेच त देऊन राहिली. तुमी म्हटलं, मी विचारून राहिलो. अर्ध्या घंट्यापासून तुमी मले विचारून राहिले." ती थांबली नाही. "मंग तुमी माह्याकडं राहता काय?"

शिपायानं खोकल्याचं नाटक करून तोंड फिरवलं. भैय्याजींची मिशी तेवढी हलली. इंदूबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला, कारण अट होती.

न्यायाधीश मॅडमनी पेन खाली ठेवलं. "स्टेनो, वकीलसाहेब काय म्हणाले? जसंच्या तसं."

स्टेनो इकडचेच, उमरेडचे, चोवीस वर्षं नोकरी झालेले. त्यांनी एक शब्दही न गाळता म्हणून दाखवलं. अन् आवाजात जरा जास्तच रस होता.

"मॅडम, ते बोलण्याच्या ओघात..." भैय्याजी म्हणाले.

"तुम्ही थांबा. मी साक्षीदाराला विचारते." मॅडम अंजूकडं वळल्या. "बाळ, 'करून राहिली' म्हणजे नेमकं काय, मला सांग. मी तुमच्या भागातली नाही."

बाळ! त्या खोलीत तिला त्या दिवशी पहिल्यांदा कोणी माणसासारखी हाक मारली.

"मॅडम, आमच्याकडं नळ येऊन राहिला म्हणजे नळाले पाणी येत हाय. नळ कोणाच्या घरी राहाले नाई येत. मी त्याच्या हाताखाली काम करत होती, हे मी सांगून राहिली होती. राहाले मी माह्या मायच्या घरी होती, कामठीले. रोज सकाळी तिथून ऑटोनं निघाची, मंग कंपनीची बस. त्या रूमवर मी एकदाच गेली. अन् आत नाई गेली. त्यानं ओढलं."

"हे असंच टाइप करा," मॅडम स्टेनोला म्हणाल्या. "वकीलसाहेबांचा प्रश्नसुद्धा. असाच. त्यांच्याच शब्दांत."

टाइपिंगचा खडखडाट सुरू झाला. गार्गी मॅडमनी आपल्या वहीत काहीतरी लिहिलं अन् दोनदा खाली रेघ मारली.

एवढ्यावर संपलं असतं तर बरं झालं असतं. भैय्याजी आणखी दोन तास उभे होते. घाणेरडं विचारायचा प्रयत्न केला, मॅडमनी तीनदा अडवलं. अंजू उभी होती. खुर्ची दिली तरी बसली नाही. संध्याकाळी टाइप केलेली साक्ष तिच्यापुढं आली तेव्हा सगळ्यांना घरी जायची घाई झाली होती. अंजूनं प्रत्येक पान वाचलं. सातव्या पानावर 'रूम'चं 'घर' झालं होतं. तिनं ते दुरुस्त करायला लावलं, मग सही केली.

निकाल जुलैत लागला. दहा वर्षं सक्तमजुरी. निकालपत्रात मॅडमनी लिहिलं, की साक्षीदाराच्या बोलीत 'करून राहणे' हे चालू असलेल्या कामाचं रूप आहे, निवासाचं नव्हे, अन् जबाब लिहिणाऱ्याच्या भाषेचा दोष साक्षीदाराच्या माथी मारता येणार नाही. गार्गी मॅडमनी ते पान इंदूबाईला वाचून दाखवलं. इंदूबाई म्हणाली, "पुन्हा वाचा, मॅडम. मले एका झटक्यात समजते असं आता मी म्हणत नाई."

ही बातमी पसरली. नाव नसलेली, पण पसरली. मग आले सगळे. एका संघटनेला अंजूचा सत्कार करायचा होता, शाल, श्रीफळ, तोंडावर ओढणी घेऊन बसवू म्हणे. एका कॉलेजला तिचं मनोगत पाहिजे होतं. एक भाऊसाहेब इंदूबाईच्या घरी गाडी घेऊन आले, "समाजात जागृती होईल ना बाई, पोरीले तयार करा."

"जागृती पायजे न तुमाले?" इंदूबाई म्हणाली. "तिच्या गल्लीत जा. त्या समोरच्या काकूले विचारा, साक्षीले काहून नाई आली. माइक तिच्या हातात द्या. पोरीच्या नाई."

भाऊसाहेब चहा न पिता गेले.

कांताबाईला मात्र वाटत होतं, अंजूनं निदान विहारात यावं. नव्या पोरींना धीर येईल. इंदूबाईनं एकदाच विचारलं. अंजू म्हणाली, "मावशी, मले नाई यायचं. मले आता हे मागं सोडाचं हाय."

"बरं," इंदूबाई म्हणाली. दुसरा शब्द नाही. त्यानंतर फोनही नाही. माणसाला आधार देणाऱ्या पुष्कळ बाया मी पाहिल्या. वेळेवर हात सोडणारी ही एकच.

परवाची गोष्ट. कामठीचा शेअर ऑटो, आत सात जण कोंबलेले. इंदूबाई कोपऱ्यात, मांडीवर कागदांची पिशवी. नवीनच कोणाला तरी दवाखान्यात सोडून आलेली. पुढच्या चौकात अंजू चढली, अंगावर कंपनीचा निळा शर्ट. इंदूबाईनं तिला पाहिलं अन् लगेच तोंड बाहेर रस्त्याकडं फिरवलं. तिचा नियम आहे तो. अकरा वर्षांत सोबत केलेली कोणतीही पोरगी बाहेर भेटली तर ओळख दाखवायची नाही. गावात इंदूबाईचं काम सगळ्यांना माहीत आहे. तिनं हाक मारली की लोक लगेच त्या पोरीकडं पाहतात, अन् हिशेब लावतात. कित्येक पोरी तिच्या शेजारून अनोळखी होऊन गेल्या आहेत. बाई कधी दुखावली नाही. उलट खूश होते, बरी दिसून राहिली म्हणते, मनात.

ऑटो भरलेला. अंजू वाकून उभी होती.

"मावशी," ती म्हणाली, चांगली मोठ्यानं. "सरक ना थोडी. मले बसू दे."

इंदूबाई सरकली. जागा नव्हतीच, तरी सरकली. समोरच्या सीटवरची एक बाई दोघींकडं आळीपाळीनं पाहत राहिली. शेवटी तिला राहवलं नाही.

"इंदूबाई, तुमच्या ओळखीची हाय काय वं ही पोट्टी?"

इंदूबाईनं तोंड उघडायच्या आत अंजू बोलली.

"नाई काकू. इंदूबाई माह्या ओळखीची हाय."